स्पीकर जळू नयेत म्हणून: फाटलेल्या आवाजापासून ध्वनियंत्रणेचे कमी खर्चात संरक्षण

गणेशोत्सव मंडळे, शाळांची सभागृहे आणि हरिनाम सप्ताह भरवणारी मंदिरे यांच्याकडे आता स्वतःच्या मालकीची छोटी ध्वनियंत्रणा असते. पंधरा इंची स्पीकर आणि वर एक हॉर्न (वरच्या, तीव्र स्वरांचा भोंगा) अशा दोन पेट्या, एक ॲम्प्लिफायर, एक लहान मिक्सर आणि तीन-चार माइक एवढाच तिचा पसारा असतो. ही यंत्रणा वर्गणीतून घेतलेली असते, ती वर्षभर अनेकांच्या हाताखालून जाते आणि तिच्यातील स्पीकर मात्र एखाद्याच संध्याकाळी, कोणीतरी आवाज फाटेपर्यंत वाढवल्यामुळे जळतात. हॉर्नचा डायफ्रॅम (आतला पातळ पडदा) किंवा स्पीकरची कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) बदलण्याचा खर्च मंडळाला झेपतो, पण पुन्हा पुन्हा झेपत नाही. हे नुकसान टाळण्याचे सर्वांत परिणामकारक उपाय जवळजवळ फुकट आहेत. त्यांसाठी एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजणारे यंत्र), मोबाईल आणि एका दुपारचा निवांत वेळ पुरतो. यंत्रणेवर कोणाचाही हात पडला तरी ओलांडता येणार नाही अशी विजेच्या दाबाची मर्यादा एकदाच मोजून बांधून ठेवणे, हे या लेखातील मुख्य काम आहे.

स्पीकर कशाने जळतो, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण याविषयीचा एक गैरसमज फार पसरलेला आहे. ॲम्प्लिफायर आपल्या क्षमतेच्या पलीकडे ढकलला गेला की ध्वनिलहरीचे शेंडे सपाट कापले जातात. यालाच आवाज क्लिप होणे किंवा फाटणे म्हणतात. अशा सपाट शेंड्यामुळे स्पीकरला एकदिश वीज मिळते आणि म्हणून तो जळतो, असे पुष्कळ कारागीर सांगतात. ते खरे नाही. कापलेली लहरही वर-खाली होणारीच लहर असते. खरे कारण उष्णतेचे आहे. स्पीकरला दिलेल्या विजेपैकी अवघे काही टक्के आवाजात रूपांतरित होतात, उरलेली सगळी वीज कॉइल तापवते. नेहमीच्या भाषणात किंवा भजनात क्षणिक उंच शेंडे असले तरी सरासरी शक्ती त्यांच्या मानाने फार कमी असते, त्यामुळे कॉइलला मधल्या वेळात थंड व्हायला अवसर मिळतो. आवाज कापला जाऊ लागला की शेंडे जागच्या जागी राहतात आणि सरासरी मात्र वर चढत जाते. शुद्ध सूर कापत कापत पूर्ण चौकोनी झाला, तर तितक्याच उंचीच्या शेंड्यांमधून दुप्पट शक्ती कॉइलमध्ये उतरते. गिटारवादक मुद्दाम फाटलेला आवाज तासन्‌तास वाजवतात आणि त्यांचे स्पीकर शाबूत राहतात, ते यामुळेच: फाटलेपणा स्वतः घातक नसतो, त्याच्याबरोबर वाढलेली सरासरी शक्ती स्पीकरच्या कुवतीबाहेर गेली की घात होतो.

हॉर्न आधी का जातो, याचेही उत्तर यातच आहे. ३०० वॅटच्या पेटीतील हॉर्नचा ड्रायव्हर, म्हणजे हॉर्नमधला आवाज काढणारा भाग, स्वतः बहुधा ४०-५० वॅटच पेलणारा असतो, कारण सामान्य संगीतात वरच्या पट्टीतील शक्ती थोडी असते हे गृहीत धरून पेटी बांधलेली असते. लहर कापली गेली की तिच्यात मुळात नसलेले वरचे स्वर तयार होतात आणि क्रॉसओव्हर (वरचे आणि खालचे स्वर वेगळे करणारा भाग) ते इमानाने हॉर्नकडे पाठवतो. सप्ताहातील भजनात टाळांचा तीव्र नाद माइकच्या अगदी जवळ असतो, त्यात मिक्सरवर ट्रेबल (वरच्या स्वरांचा नॉब) चढवलेला असतो आणि वरून आवाज कापला जात असतो. हॉर्नवर हे तिन्ही भार एकदम पडतात.

उष्णतेची आणखी एक बाजू ऑपरेटरला फसवते. तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल नेहमीपेक्षा दोनशे अंशांनी तापली, तर तिचा रोध पावणेदोन पटींच्या थोडा वर जातो, ती कमी वीज ओढते आणि पेटीचा आवाज आपोआप उतरतो. रात्री दहाच्या सुमारास आवाज संध्याकाळपेक्षा बसल्यासारखा वाटतो, म्हणून कोणीतरी मिक्सरचा मास्टर (एकूण आवाजाची सरकपट्टी) आणखी वर ढकलतो, कॉइल आणखी तापते आणि शेवटी तिच्यावरचे वार्निश जळून वास सुटतो. म्हणून काहीही न बदलता आवाज उतरू लागला, तर तो वाढवण्याची खूण न मानता दहा मिनिटे कमी करण्याची खूण मानावी.

स्पीकर मरण्याचा दुसरा मार्ग यांत्रिक आहे. पडदा क्षमतेबाहेर पुढे-मागे झाला की कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर पडते, मागच्या लोखंडावर आपटते किंवा तिला धरून ठेवणारी नक्षीदार चकती फाटते. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. समोर भोक असलेल्या पेटीत तर पेटीच्या ठरावीक कंपनसंख्येखाली आतल्या हवेचा आधारच सुटतो आणि पडदा मोकाट हलू लागतो. माइक पडणे, वारा लागणे, चालू यंत्रणेत वायर ओढणे यांतून निघणारे धडाके याच खालच्या पट्टीत असतात. ऐकायला त्यांचा काहीच उपयोग नसतो, पण पडद्यावर त्यांचा ताण सर्वांत जास्त पडतो.

आता आकड्यांकडे येऊ. पेटीच्या मागे अनेकदा तीन आकडे छापलेले असतात: सलग किंवा आरएमएस (न थांबता पेलवणारी शक्ती), प्रोग्रॅम (चढउतार असलेल्या संगीतासाठीची) आणि पीक (क्षणिक शेंड्याची). साधारणपणे प्रोग्रॅम हा सलग क्षमतेच्या दुप्पट आणि पीक हा चौपट असतो. हिशेबासाठी सलग क्षमता एवढाच आकडा धरावा आणि बाकीचे दोन विसरून जावे. घरगुती यंत्रणांवर पीएमपीओ म्हणून छापलेल्या हजारोंच्या आकड्यांना तर काहीच अर्थ नसतो. पेटीवर एकच मोठा आकडा असेल आणि तो कशाचा हे लिहिलेले नसेल, तर तो पीक समजून त्याचा चौथा हिस्साच खरा मानणे सुरक्षित आहे.

उदाहरणादाखल ३०० वॅट सलग क्षमतेची, ८ ओहमची पेटी घेऊ. वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की व्होल्ट मिळतात. ३०० गुणिले ८ म्हणजे २४००, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ४९. म्हणजे या पेटीच्या टोकांवर सलग ४९ व्होल्टपेक्षा जास्त दाब टिकता कामा नये. आता एक उपयुक्त योगायोग पाहा. शुद्ध सुराचा मल्टिमीटरवरील दाब ३५ व्होल्ट असेल, तर त्याचा शेंडा सुमारे ४९ व्होल्टवर असतो. कोणी बेपर्वाईने हा सूर पूर्ण चौकोनी होईपर्यंत कापला, तरी शेंडा तेवढाच राहतो आणि पेटीला मिळणारा सलग दाब ४९ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ तिच्या क्षमतेएवढाच असतो. म्हणून मिक्सरमधून स्वच्छपणे निघू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या सुराला ॲम्प्लिफायरमधून ३५ व्होल्टच निघतील, अशी जुळणी करून ठेवली की मिक्सरवर लाल दिवे कितीही पेटले तरी खालच्या स्पीकरला त्याच्या कुवतीबाहेर शक्ती पोचत नाही. कोणत्याही पेटीसाठी सूत्र एकच: वॅट गुणिले ओहम, त्याचे वर्गमूळ, आणि त्याला ०.७०७ ने गुणावे.

ही जुळणी करताना सर्वप्रथम ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या सर्व स्पीकर-वायरी काढाव्यात. मोठ्या ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर झटका बसण्याइतका दाब असतो, त्यामुळे मल्टिमीटरच्या पिना यंत्र बंद असतानाच लावाव्यात आणि चालू असताना उघड्या टोकांना हात लावू नये. मल्टिमीटर एसी व्होल्टच्या २०० च्या टप्प्यावर ठेवावा. मोबाईलवर सूर वाजवणारे एखादे मोफत ॲप घेऊन त्यात १०० हर्ट्झचा शुद्ध सूर लावावा. स्वस्त मल्टिमीटर उंच कंपनसंख्येला चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून १०० हर्ट्झच घ्यावे, १००० नको. मोबाईलमधील इक्वलायझर आणि आवाज वाढवणारी सर्व ॲप बंद करावीत. सूर मिक्सरच्या लाइन इनपुटला द्यावा, त्या चॅनेलचे आणि मास्टरचे सर्व टोन मध्यावर ठेवावेत, लो-कटचे (अगदी खालचे स्वर कापणारे) बटण बंद ठेवावे, ॲम्प्लिफायरचे नॉब पूर्ण खाली ठेवावेत.

मग चॅनेलचा गेन (आत येणारा संकेत वाढवणारा नॉब) असा लावावा की त्या चॅनेलचा लाल दिवा पेटणार नाही, आणि मास्टर फेडर (सरकपट्टी) हळूहळू वर न्यावा. मास्टरचा लाल दिवा लुकलुकू लागला की किंचित मागे यावे. मिक्सरचा सर्वांत मोठा स्वच्छ आवाज तो हाच. फेडर पूर्ण वर जाऊनही दिवा लागत नसेल, तर चॅनेलचा फेडर वाढवावा. आता ॲम्प्लिफायर चालू करून त्याचा एका बाजूचा नॉब अगदी सावकाश फिरवत मल्टिमीटरवर ३५ व्होल्ट आणावेत, नॉबच्या कडेला पक्क्या रंगाने खूण करावी आणि दुसऱ्या बाजूला हेच करावे. ३५ व्होल्ट येण्याआधीच ॲम्प्लिफायरचा स्वतःचा क्लिप दिवा लागला, तर ॲम्प्लिफायर लहान आहे असा त्याचा अर्थ. तिथून थोडे मागे येऊन तीच खूण मानावी. शेवटी नॉबच्या टोप्या काढून ठेवाव्यात किंवा समोर पत्र्याची पट्टी स्क्रूने बसवावी. ही शेवटची पायरी कोणाला अनावश्यक वाटेल, पण माझ्या मते सगळ्या जुळणीत तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण उत्सवाच्या गर्दीत रंगाची खूण कोणीही पाहत नाही.

यावर एक शंका हमखास निघते: नॉब अर्ध्यावर असला की ॲम्प्लिफायर अर्धीच शक्ती देतो, मग वेगळे मोजायचे कशाला? नॉब शक्ती ठरवत नाही. आत येणारा संकेत किती कमी करून पुढे पाठवायचा, एवढेच तो ठरवतो. अनेक ॲम्प्लिफायर आपली पूर्ण शक्ती ०.७७५ ते १.४ व्होल्टच्या इनपुटलाच देतात, आणि साधा मिक्सरही सात-आठ व्होल्ट सहज बाहेर टाकू शकतो. त्यामुळे नॉब अर्ध्यावर असूनही जोरात ढकलणारा मिक्सर ॲम्प्लिफायरला पूर्ण कापायला लावतो. मोजून केलेली खूण मात्र याच मिक्सरसाठी आणि याच पेट्यांसाठी खरी असते. मिक्सर बदलला, तर तिचा भरवसा धरू नये.

अशी जुळणी केल्यावर मिक्सरवरचे काटे पूर्वीपेक्षा वर दिसू लागतील. पूर्वी शून्यापाशी जेवढा आवाज मिळत असे, त्यासाठी आता अधिक सहा किंवा अधिक दहा डेसिबलपर्यंत जावे लागेल. यात काहीही गैर नाही, मिक्सर तिथे स्वच्छच वाजतो आणि पार्श्वभूमीची खरखरही कमी होते. मैदानात एवढा आवाज पुरला नाही, तर उपाय नॉब वाढवणे हा नसून पेट्या वाढवणे किंवा श्रोत्यांच्या जवळ नेणे हा आहे. शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, जेमतेम जाणवेल एवढा, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. कॉइलच्या उष्णतेला मात्र अशी सवलत नसते, ती शक्तीच्या प्रमाणातच वाढते. शिवाय सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तेव्हा वस्तीतल्या मंडपात पेट्या जाळण्याइतका आवाज लागण्याचे कारणच नाही.

ही मर्यादा स्पीकरला वाचवते, पण आवाज फाटू नये याची हमी देत नाही. आवाज मिक्सरमध्येच, किंबहुना त्याच्याही आधी फाटू शकतो, आणि तसे झाल्यास ॲम्प्लिफायरचा क्लिप दिवा शांत राहतो, म्हणून दोष सापडत नाही. सर्वांत जास्त वेळा आढळणारी चूक म्हणजे लॅपटॉपचा किंवा मोबाईलचा हेडफोनचा जॅक मिक्सरच्या माइक इनपुटमध्ये घालणे. माइकचा संकेत काही सहस्रांश व्होल्टचा असतो आणि मोबाईलचा अर्ध्या-एक व्होल्टचा, त्यामुळे पहिल्याच टप्प्यात लहर कापली जाते आणि पुढचा कोणताही फेडर खाली आणून ती दुरुस्त होत नाही. लाइन इनपुटच वापरावा. मोबाईलवरची बूस्टर ॲप, अनेकदा रूपांतर होऊन आलेली गाणी आणि व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या आरत्या यांचा आवाज पुष्कळदा मुळातच कापलेला असतो. तो बदलून चांगली प्रत मिळवणे हाच त्यावर उपाय. माइकच्या चॅनेलचा गेन गायक किंवा वक्ता खरोखर जेवढ्या जोराने बोलणार आहे, तेवढ्या जोराने बोलायला लावूनच ठरवावा. चाचणीला हळूच ‘हॅलो, हॅलो’ म्हणणारे कार्यकर्ते घोषणा देताना तिप्पट जोर लावतात, हे लक्षात घेऊन थोडी जागा सोडावी.

टोनचे नॉब हा दुसरा मोठा शत्रू. बास सहा डेसिबलने चढवला, तर त्या पट्टीत चौपट शक्ती लागते, बारा डेसिबलने चढवला तर सोळापट. बास आणि ट्रेबल दोन्ही टोकाला नेऊन मधला भाग खाली ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते. त्यामुळे शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून पुन्हा आवाज वाढवला जातो आणि कॉइलवर दुहेरी भार पडतो. चढवण्यापेक्षा उतरवण्याने आवाज सुधारावा: शब्द गढूळ वाटत असतील तर बास कमी करावा, चिरका वाटत असेल तर ट्रेबल कमी करावा. भाषणाच्या, हार्मोनियमच्या आणि टाळकऱ्यांच्या माइकवर मिक्सरचे ८० किंवा १०० हर्ट्झचे लो-कट बटण नेहमी दाबलेले असावे. पखवाजाच्या माइकवर ते सोडून द्यावे, पण तो माइक पखवाजाच्या बासच्या तोंडाला चिकटवू नये. ॲम्प्लिफायरच्या मागे ३० किंवा ५० हर्ट्झचे, त्याखालचे स्वर गाळणारे फिल्टर असेल, तर पंधरा इंची पेट्यांसाठी ५० हर्ट्झचे लावावे. श्रोत्यांना फरक जाणवत नाही आणि पडद्याची निरर्थक धडपड थांबते. तिथेच अनेकदा क्लिप लिमिटर (आवाज कापला जाण्याआधी रोखणारे) नावाचे बटण असते, तेही चालू करावे. मात्र त्याला फक्त ॲम्प्लिफायरची कुवत कळते, तुमच्या स्पीकरची नाही.

इतके सगळे झाल्यावर, तेही ज्याच्याकडे थोडे पैसे आहेत त्याने, सुटे भाग घ्यावेत. हॉर्नसाठी सर्वांत स्वस्त आणि जुना उपाय म्हणजे क्रॉसओव्हर आणि ड्रायव्हर यांच्या मध्ये, एकाच तारेत, मोटारीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा एकेरी फिलामेंटचा बल्ब जोडणे. थंड फिलामेंटचा रोध एका ओहमहून कमी असतो, त्यामुळे नेहमीच्या आवाजात तो जाणवत नाही. हॉर्नकडे जास्त वीज जाऊ लागली की फिलामेंट तापते, रोध सात ओहमच्या आसपास जातो आणि बल्ब पूर्ण प्रखर होतो तेव्हा ८ ओहमच्या ड्रायव्हरला सुमारे पंचवीस वॅट मिळत असतात. त्याहून बरीच जास्त वीज टिकून राहिली तर बल्ब स्वतः जातो आणि डायफ्रॅम वाचतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब पेटीच्या आतील कापसापासून आणि फायबरपासून दूर, सिरॅमिकच्या होल्डरमध्ये किंवा तारा थेट डाख देऊन बसवावा, कारण तो चांगलाच तापतो आणि सैल असेल तर खडखडतो. आधी पेटी उघडून पाहावे. अनेक पेट्यांच्या क्रॉसओव्हरवर कंपनीनेच असा बल्ब बसवलेला असतो आणि कधीतरी तो गेल्यावर कोणीतरी त्याच्या जागी तार जोडून टाकलेली असते.

मोठ्या स्पीकरसाठी फ्यूज चालतो. ३०० वॅट, ८ ओहमला पूर्ण शक्तीवर सहा ॲम्पिअरच्या थोडा वर प्रवाह लागतो, पण कार्यक्रमाची सरासरी त्याच्या खूप खाली असल्याने ४ ॲम्पिअरचा लवकर उडणारा फ्यूज योग्य ठरतो. दोन-चार जादा फ्यूज पेटीच्या मागे चिकटवून ठेवावेत, कारण ऐन आरतीत फ्यूज उडाला आणि दुसरा मिळाला नाही की कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून काम चालवतो आणि संरक्षण कायमचे संपते.

हॉर्नला वेगळा ॲम्प्लिफायर असेल, तर त्याच्या तारेत एक कपॅसिटर असलाच पाहिजे. चालू-बंद करतानाचा धक्का, चुकून बासच्या तारेत घातलेला हॉर्न किंवा बिघडलेल्या ॲम्प्लिफायरची एकदिश वीज यांपासून तो वाचवतो. ८ ओहमच्या ड्रायव्हरसाठी आणि दीड हजार हर्ट्झच्या आसपासच्या क्रॉसओव्हरसाठी ४० मायक्रोफॅरडचा, किमान १०० व्होल्टचा, ध्रुवता नसलेला कपॅसिटर घ्यावा. नेहमीचा इलेक्ट्रोलिटिक, ज्याच्या एका बाजूला वजा चिन्हाची पट्टी असते, तो इथे फुटू शकतो. स्पीकरच्या तारांवर उलटसुलट झेनर डायोड (ठरावीक दाबापलीकडची वीज वळवणारे भाग) लावण्याचा सल्लाही दिला जातो, पण तो घेऊ नये: ते डायोड लहर कापतातच, म्हणजे ज्या रोगावर औषध हवे तोच रोग वाढवतात.

याहून थोडे अधिक पैसे असतील, तर वापरलेला कॉम्प्रेसर-लिमिटर (ठरावीक मर्यादेवरचा आवाज आपोआप दाबणारे यंत्र) किंवा आतच लिमिटर असलेला डिजिटल क्रॉसओव्हर घ्यावा. त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे तो काम सुरू करतो ती मर्यादा, अंदाजाने लावू नये. ॲम्प्लिफायरची वाढ मोजावी: थोडासा १०० हर्ट्झचा सूर देऊन आत किती व्होल्ट आणि बाहेर किती व्होल्ट हे पाहावे. समजा ती ४० पट आली, तर ४९ भागिले ४० म्हणजे सुमारे १.२२ व्होल्ट, आणि प्रो-ऑडिओच्या मापात हे अधिक चार डीबीयू (०.७७५ व्होल्टला शून्य मानून मोजलेले डेसिबल) होते. शेंडे रोखणारा लिमिटर इथे लावावा. सरासरी रोखणारा वेगळा लिमिटर असेल, तर तो त्याच्या तीन डेसिबल खाली, म्हणजे अधिक एकवर, आणि संथपणे लागणारा असावा, कारण कॉइल तापायला सेकंद लागतात. बासच्या पट्टीवर लिमिटर फार झटकन पकडू लागला तर तो लहरीचा आकारच बिघडवतो, म्हणून तिथे त्याची सुरुवात पंधरा ते पंचेचाळीस मिलिसेकंदांची ठेवतात आणि हॉर्नवर एखाद्या मिलिसेकंदाची. यंत्रावर गुणोत्तर निवडता येत असेल, तर दहास एक किंवा त्याहून जास्त ठेवावे. लिमिटर लावला म्हणून ॲम्प्लिफायरच्या नॉबची खूण मोडू नये. लिमिटरचे बायपास बटण फार सहज दाबले जाते. वाढ मोजताना नॉब ज्या खुणेवर आहे तिथेच असावा, नाहीतर हिशेब चुकतो.

विजेचा दाब आपल्याकडे वेगळा विचार मागतो. जड ट्रान्सफॉर्मर असलेल्या साध्या ॲम्प्लिफायरची क्षमता भिंतीतल्या दाबावर अवलंबून असते. उत्सवाच्या रात्री २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळत असतील, तर आतला दाब सुमारे सतरा टक्क्यांनी आणि शक्ती जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. ॲम्प्लिफायर त्यामुळे दुपारच्या चाचणीपेक्षा लवकर कापू लागतो, तेव्हा मास्टर खाली आणणे हाच मार्ग. छोट्या जनित्रावर तर रोषणाई आणि ध्वनियंत्रणा एकत्र लावूच नयेत. स्पीकरची तार बारीक असली की तिच्यात शक्ती वाया जाते आणि तीच भरून काढण्यासाठी आवाज वाढवला जातो: दीड चौरस मिलिमीटरच्या तीस मीटर लांब तारेचा जाऊन-येऊन रोध पाऊण ओहमजवळ असतो, आणि त्या टोकाला ४ ओहमचा भार असेल तर एक चतुर्थांशाहून अधिक शक्ती तारेमुळे गमावते. लांब अंतरासाठी अडीचची तार घ्यावी.

शिट्टीकडे विशेष लक्ष द्यावे. माइकची शिट्टी हा जवळजवळ शुद्ध, सलग सूर असतो. त्याला भाषणासारखे मधले विसावे नसतात, तो काही क्षणांत पूर्ण शक्तीवर जातो आणि सगळी शक्ती बहुधा हॉर्नवर पडते. म्हणून माइक पेट्यांच्या मागे असावेत, न वापरलेले चॅनेल बंद असावेत आणि शिट्टी सुरू झाली की कोणत्या माइकची हे शोधत न बसता आधी मास्टर खाली आणावा. यंत्रणा सुरू करताना ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी आणि बंद करताना सर्वांत आधी, हा क्रमही पेट्यांच्या पडद्यांना धक्क्यांपासून वाचवतो.

कॉइलवर किती ताण पडला, हे कार्यक्रमानंतर मल्टिमीटरने तपासता येते. ८ ओहमचा स्पीकर थंड असताना ओहमच्या टप्प्यावर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो. हा आकडा प्रत्येक पेटीच्या मागे लिहून ठेवावा. कार्यक्रम संपताच ॲम्प्लिफायर बंद करून, तार काढून, लगेच पुन्हा मोजावे. थंडपणी ६ दाखवणारा स्पीकर ८.४ दाखवत असेल, तर रोध चाळीस टक्क्यांनी वाढला आहे, म्हणजे कॉइल अजूनही सुमारे शंभर अंशांनी जास्त तापलेली आहे, आणि काही सेकंदांपूर्वी ती याहून तापलेली होती. असा आकडा दिसला तर पुढच्या वेळी मास्टर तीन डेसिबल खाली ठेवावा. हॉर्नच्या मार्गात कपॅसिटर असल्यामुळे ही तपासणी फक्त मोठ्या स्पीकरची होते. थंडपणीचा आकडाच दर महिन्याला बदलत असेल किंवा पडदा हाताने हलके दाबल्यावर आत घासल्याचा आवाज येत असेल, तर कॉइल वाकली आहे; ती पेटी तशीच वाजवत राहिल्यास तार तुटून ॲम्प्लिफायरही शॉर्ट होऊ शकतो.

कॉइल किंवा डायफ्रॅम बदलून आणल्यावर पेटी जोडण्याआधी नव्या भागाचा ओहम मोजून पाहावा, कारण दुकानात मिळणारे पर्यायी भाग ८ ऐवजी ४ किंवा १६ ओहमचेही असतात आणि पेटीच्या मागचा छापील आकडा तेव्हा निरुपयोगी ठरतो. ३०० वॅटचाच स्पीकर ४ ओहमचा झाला, तर १२०० चे वर्गमूळ सुमारे ३४.६ आणि मर्यादा साडेचोवीस व्होल्ट येते. तेवढ्यावर ॲम्प्लिफायरची जुनी खूण पुसून नवी करावी, शेजारी तारीख लिहावी आणि दोन पेट्या एकाच आउटपुटवर समांतर असतील तर एकूण ओहम ॲम्प्लिफायरच्या मागे दिलेल्या किमान आकड्याखाली जात नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.